ग्रंथालयातील वाटा आणि पाट्या

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाने, ज्याला इतिहास राजा अली खान या नावानेही ओळखतो, हिजरी ९९७ साली अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरविला. त्यात आपल्या घराण्याची वंशावळ नोंदवून विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ या येथील रयतेच्या परिचयाच्या दोन्ही कालगणना त्याने आवर्जून दिल्या. पुढे असीरगड हस्तगत केल्यावर १६०१ साली अकबरानेही त्याच वास्तूत आपला फारसी लेख खोदविला. एका इमारतीत तीन भाषांना मानाचे स्थान मिळाल्याचा हा दाखला अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु सार्वजनिक इमारतींतील फलकांचा विचार करणाऱ्याने येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, हे तिन्ही लेख कोणी बांधले व कोणी जिंकले एवढेच सांगतात, कोठे जावे हे सांगत नाहीत, आणि ते सांगण्याची तेथे गरजही नव्हती. चौकात पाऊल टाकणाऱ्या नवख्या माणसाला समोर मोकळे पटांगण दिसते, पटांगणापलीकडे कमानींची लांबच लांब रांग दिसते, आणि कोठे पाय धुवावे, कोणत्या दिशेस तोंड करून उभे राहावे, हे त्याला इमारतच सांगते.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या नशिबी असे भाग्य क्वचित येते. आपल्याकडील बहुतेक ग्रंथालये कोणाच्या तरी वाड्यात, नगरपालिकेच्या जुन्या कचेरीत किंवा बाजारावरच्या माडीवर थाटलेली असतात. खोल्यांचा क्रम घरमालकाच्या सोयीने ठरलेला, जिना शोधून काढावा असा, आणि ग्रंथसंग्रह वाढेल तसतशी कपाटे जेथे जागा सापडली तेथे उभी केलेली. अशा इमारतीत जे मांडणीने सांगता आले नाही ते पाटीने सांगण्याचा प्रयत्न होतो. म्हणून निर्देशफलकांचा प्रश्न हा रंग, अक्षर आणि पत्र्याचा प्रश्न समजून रंगाऱ्याच्या हवाली करणे ही मुळातच चूक होय; तो आधी मांडणीचा प्रश्न आहे, आणि मांडणी साधली की निम्म्या पाट्या आपोआप अनावश्यक ठरतात.

या विषयाला शास्त्राचे रूप येऊन फार काळ लोटलेला नाही. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हा ग्रंथ लिहून, माणूस शहराचे चित्र मनात कसे साठवतो याची मीमांसा केली आणि मार्ग, सीमा, विभाग, नाके व ठळक खुणा असे त्याचे पाच घटक कल्पिले. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजलिस ही त्याची अभ्यासक्षेत्रे. पण हे घटक बऱ्हाणपुरात इतक्या स्पष्टपणे आढळतात की त्याने हे गाव पाहिले असते तर त्याला उदाहरणे शोधीत हिंडावे लागले नसते. तापीचा काठ आणि जुना कोट या सीमा, शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी ही वारांवरून, वस्त्यांवरून आणि धंद्यांवरून नावे पडलेली दारे व मोहल्ले हे विभाग, गांधी चौक हे नाके, आणि कोठूनही दिसणारे मशिदीचे मिनार ही खूण. येथला माणूस पत्ता सांगताना घरक्रमांक सांगत नाही, दार आणि चौक सांगतो. ग्रंथालयाच्या आत शिरलेल्या वाचकाचे मनही नेमके याच रीतीने चालते. त्याला आधी दार हवे, मग चौक, मग मोहल्ला, आणि घराचा क्रमांक सर्वांत शेवटी. आपण मात्र त्याला पहिल्याच पावलाला क्रमांक देतो. पुढे १९८४ साली रोमेदी पासिनी यांनी इमारतींच्या अंतर्भागास हाच विचार लावून, वाट शोधणे ही लहान लहान निर्णयांची साखळी आहे असे प्रतिपादन केले. ज्या ठिकाणी निर्णय घ्यावयाचा तेथेच फलक असावा, त्याच्या अलीकडे वा पलीकडे असून उपयोग नाही, हे आज सर्वमान्य झालेले सूत्र त्याच विचारातून निघते.

आपल्या ग्रंथालयांत ही जाणीव उशिरा का आली, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. दख्खनची सुभेदारी करीत बऱ्हाणपुरास दीर्घकाळ राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानाचा किताबखाना त्या काळी नावाजलेला होता, आणि अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ साली पुऱ्या केलेल्या ‘मआसिरे रहीमी’त त्याचे वर्णन आहे, परंतु तो अमीराचा संग्रह, तेथे सुलेखनकार, जिल्दसाज आणि विद्वान यांचाच राबता, आणि ग्रंथ कोठे आहे हे सांगावयास जाणती माणसे हजर. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) येथे जी वाचनालये निघाली व पुढे ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) येथे जी मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली, त्यांनी ग्रंथ सर्वांस खुले केले खरे, पण कपाटे खुली केली नाहीत. वाचकाने तालिकेत नाव पाहावे, चिठ्ठीवर दाखलांक लिहावा, चिठ्ठी देवघेवीच्या खिडकीतून आत सारावी आणि शिपायाने पुस्तक आणून देईपर्यंत बाकावर बसावे, ही रीत शंभर वर्षे चालली. या रीतीत वाचकाला एकच वाट ठाऊक असणे पुरे होते, ती म्हणजे खिडकीपर्यंतची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली तेव्हा मराठी ग्रंथसृष्टीचा नकाशा कागदावर तयार झाला. ज्या दालनांत ते ग्रंथ ठेवलेले होते त्यांचा नकाशा मात्र ग्रंथपालाच्या डोक्यातच राहिला.

मराठी राजाने शासन केलेल्या एका संस्थानात मात्र वेगळा प्रयत्न झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले, महाराजांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाच्या स्वाधीन केला, आणि १९१२ पासून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी यांनाही स्थान दिले. बडोद्याच्या त्या ग्रंथागारातील पोलादी मांडण्या आणि मजल्यामजल्यांमधील जाड काचेची जमीन, जिच्यामधून वरचा उजेड खाली उतरतो, ही पाहणाऱ्याला आजही चकित करतात; परंतु त्या काचेच्या जमिनीत वाट दाखविण्याच्या दृष्टीने एक मर्म आहे, ते हे की, उजेड हाच पहिला निर्देशफलक होय. अंधाऱ्या बोळात टांगलेली सुंदर पाटी कोणी वाचत नाही, आणि ज्या दालनात उजेड आहे तिकडे माणूस पाटीवाचूनही वळतो.

या विषयाची खरी बैठक घातली ती शियाळी रामामृत रंगनाथन् यांनी. त्यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते, आणि त्या सूत्राचा व्यावहारिक तपशील त्यांनी इतक्या बारकाईने लिहिला की आजच्या संकल्पनकारांच्या जाडजूड पुस्तिका वाचताना पुष्कळ ठिकाणी त्यांचीच आठवण होते. ग्रंथदालनाच्या तोंडाशी संपूर्ण दालनाचा आराखडा, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी त्या बोळातील विषय सांगणारा फलक, प्रत्येक मांडणीच्या माथ्यावर तिचा विषय, आणि फळीच्या कडेला बारीक चिठ्ठी, अशी ही उतरंड आहे. शिवाय ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे हे त्यांचे पाचवे सूत्र. त्यानुसार ग्रंथ सरकत राहणार, म्हणून फळीवरची चिठ्ठी रंगवलेली नसावी, पत्र्याच्या खोबणीत सरकविता येणाऱ्या पुठ्ठ्याची असावी. या साध्या तजविजीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येक ग्रंथालयांत ‘चरित्रे’ अशा तेलरंगी अक्षरांखाली वर्षानुवर्षे पाकशास्त्राची पुस्तके नांदत असतात.

येथे थोडे विषयांतर करून एक गाऱ्हाणे नोंदवावेसे वाटते. आपल्या जुन्या ग्रंथालयांतील कपाटांवर सर्वांत ठळक अक्षरे कोणती असतात तर ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून सप्रेम भेट’. दात्याचे ऋण मोठे, हे खरेच; त्याच्यावाचून कपाट नसते आणि कपाटावाचून ग्रंथ वाळवीच्या मुखी गेले असते. पण वाचक कपाटासमोर उभा राहतो तो आत काय आहे हे जाणण्यासाठी, आणि त्याला कळते ते कपाट कोणी दिले एवढेच. दात्याचे नाव कपाटाच्या बाजूस वा आतल्या कडेस सन्मानाने घालून माथा विषयासाठी मोकळा ठेवावा, इतकी तडजोड कोणत्याही देणगीदाराच्या वारसांना पटण्यासारखी आहे. मनाईच्या पाट्यांचा प्रकारही असाच: शांतता राखा, पाने दुमडू नका, पिशव्या आत नेऊ नयेत, वृत्तपत्रे जागेवरून हलवू नयेत. ज्या भिंतीवर अशा सहा आज्ञा लागतात तिच्यावरची सातवी, खरोखर उपयोगाची सूचना डोळ्यांत भरत नाही. वाचकाची नजर हुकुमांनी कंटाळून भिंतच वाचावयाचे सोडून देते.

आता क्रमांकांचा प्रश्न, आणि हा बऱ्हाणपूरसारख्या बहुभाषी गावी विशेष कसोटीचा आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रूढ आहे. तिच्यानुसार हिंदी साहित्याचा वर्गांक ८९१.४३, उर्दूचा ८९१.४३९, मराठीचा ८९१.४६ आणि गुजरातीचा ८९१.४७. येथल्या वाचकांच्या या चारही भाषा एकाच फळीवर शेजारी याव्यात हा योग चांगलाच. पण दशांश चिन्हापुढील अंक हे पूर्णांक नव्हेत हे शाळेत शिकलेले गणित कपाटासमोर कोणाच्या ध्यानात राहात नाही. सामान्य वाचक ४३९ हा आकडा ४६ पेक्षा मोठा समजून उर्दू ग्रंथ मराठीच्या पलीकडे शोधू लागतो, तेथे त्याला गुजराती ग्रंथ सापडतात, आणि उर्दूचे ग्रंथ नाहीतच अशा समजुतीने तो परत फिरतो. ज्या मांडणीवर ‘हिंदी’, ‘उर्दू’, ‘मराठी’, ‘गुजराती’ अशी नावे स्वच्छ अक्षरांत आहेत आणि क्रमांक त्यांच्याखाली लहान आहेत, तेथे हा घोटाळा होत नाही. तसेच ग्रंथाच्या पाठीवर इंग्रजी आकडे व फलकावर नागरी आकडे, हीही विसंगती टाळावी. दोन्हींकडे एकच लेखन असावे, मग ते कोणतेही असो.

स्थानिक इतिहासाची तर आणखी दुर्दशा आहे. ज्याला आपल्या गावाविषयी काही वाचावयाचे आहे त्याच्या वाट्याला ग्रंथालयात किती फेऱ्या येतात ते पाहा. मध्य प्रदेशाचा इतिहास ९५४.३ खाली, त्यामुळे निमाड जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियर तेथे. बऱ्हाणपूर ज्या फारुकी खानदेशाची राजधानी होते त्यावरची मराठी पुस्तके महाराष्ट्राच्या ९५४.७९२ खाली; १६३१ साली येथे निवर्तलेल्या मुमताजमहलची हकीकत मोगल काळाच्या ९५४.०२५ खाली, जामा मशिदीच्या बांधणीवरचा ग्रंथ स्थापत्यातील ७२६.२ खाली, आणि कुंडी भांडाऱ्याच्या पाणीयोजनेवरचे लेखन अभियांत्रिकीतील ६२८.१ खाली. वर्गीकरणकाराने प्रत्येक ठिकाणी नियमाला धरूनच काम केले आहे, यात दोष कोणाचाच नाही. पण १७६० साली पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे, १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे, आणि १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेले हे गाव कोणत्याही एका प्रांताच्या क्रमांकात मावत नाही. अशा वेळी ग्रंथ हलविण्याची गरज नाही. या पाचही ठिकाणी ‘बऱ्हाणपूरविषयी आणखी: अमुक मांडणी’ अशी एक एक लहान चिठ्ठी लावली, आणि दाराजवळ त्या पाचांची एक यादी टांगली, की काम भागते. माझ्या मते कोणत्याही जिल्हास्थानच्या ग्रंथालयाने पहिली पाटी करावयाची ती हीच. कारण परगावचा अभ्यासक आणि गावातला शाळकरी मुलगा दोघेही हाच प्रश्न घेऊन येतात.

पाट्यांमधील अंतराविषयी खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, खोदलेला तो कुंडी भांडाराच उत्तम धडा देतो. सातपुड्याकडून येणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून वाहते, ते दिसत नाही. पण ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या शंभरावर कुंड्यांची रांग पाहिली की पाण्याची वाट मैदानावर उभे राहून सांगता येते, कारण एका कुंडीपाशी उभे असता पुढची दृष्टीस पडते. फलकांचेही तसेच असावे. पहिल्या बाणानंतर दोन वळणे घेऊनही दुसरा बाण न दिसणे म्हणजे वाचकाला रानात सोडून देणे होय.

लिप्यांचा विचार येथे सविस्तर केला पाहिजे. मराठी व हिंदी यांची लिपी एक असल्यामुळे ‘इतिहास’, ‘विज्ञान’, ‘नाटक’, ‘कविता’ अशी दोन्हींकडे चालणारी नावे योजिली तर एका ओळीत दोन भाषांचे काम होते. जेथे ‘कादंबरी’ आणि ‘उपन्यास’ असा भेद अटळ आहे तेवढ्यापुरत्या दोन ओळी द्याव्यात. उर्दूचे मात्र वेगळे. नस्तालिक अक्षर तिरपे उतरत जाते, त्याला उभी जागा अधिक लागते, आणि नागरीच्या बरोबरीच्या मापात लिहिले तर ते दुबळे दिसते. म्हणून दोन्ही लिप्या समान दिसाव्यात यासाठी उर्दूचे माप थोडे वाढवावे लागते. बाणाची अडचण आणखी निराळी. नागरी डावीकडून सुरू होते, उर्दू उजवीकडून. डावीकडे जाण्याचा बाण नागरी ओळीच्या आरंभी बसतो तोच उर्दू ओळीच्या शेवटी पडतो. यावर उपाय असा की बाण कोणत्याच ओळीला न जोडता, ज्या बाजूस जावयाचे त्या कडेला स्वतंत्र रकाना आखून त्यात घालावा. इंग्रजीची ओळ हवी की नको हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तीन लिप्यांत भरलेला फलक कोणालाच नीट वाचता येत नाही, आणि येथे येणाऱ्यांपैकी केवळ इंग्रजी जाणणारे विरळा.

अक्षराच्या मापाचा ठोकताळा असा आहे की, जितक्या अंतरावरून वाचावयाचे त्याच्या दोनशेव्या हिश्शाइतकी अक्षराची उंची असावी. म्हणजे दहा मीटरांवरून वाचावयाच्या पाटीवर सुमारे पाच सेंटिमीटर. हा हिशेब रोमन अक्षरांवरून बसविलेला असल्याने नागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी, वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार त्यात धरू नयेत, आणि त्यांच्यासाठी ओळींमध्ये निराळी जागा सोडावी. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि दुरून सारे काळे पट्टे दिसतात. अलीकडे फ्लेक्सवर छापलेल्या पाट्यांत अक्षरांना सावल्या, किनारी आणि इंद्रधनुष्याचे रंग देण्याची जी हौस आहे ती लग्नाच्या मांडवाला शोभते. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा टंक विनामूल्य मिळतो, तो साधा आहे, त्याच्यात वजनांचे अनेक प्रकार आहेत. गडद जमिनीवर फिकट किंवा फिकट जमिनीवर गडद असा त्याचा उपयोग केला तर याहून अधिक शृंगाराची गरज नाही.

परदेशांतील अनुभवही पाहण्यासारखे आहेत. सिअ‍ॅटल येथे २००४ साली रेम कोलहास यांच्या कार्यालयाने बांधलेले मध्यवर्ती ग्रंथालय वास्तुकलेचा चमत्कार म्हणून गाजले. ड्यूईचा सारा क्रम एका सलग चढत जाणाऱ्या उतारावर मांडून त्याचे आकडे जमिनीवरच घालण्याची तेथली कल्पना खरोखर अपूर्व. तथापि वर नेणारे सरकते जिने तेथे आहेत, त्याच वाटेने उतरविणारे नाहीत. वाचक हरवू लागले, आणि २०१० साली काही संशोधकांनी इमारतीत माणसे का चुकतात या आपल्या विवेचनात याच वास्तूचे उदाहरण घेतले. कीर्तिमान वास्तुशिल्पकाराची इमारत आणि वाचकाला समजणारी इमारत या दोन गोष्टी भिन्न असू शकतात. अ‍ॅरिझोनातील गिल्बर्ट गावच्या ग्रंथालय-शाखेने २००७ साली उलट टोक गाठून ड्यूईचे आकडेच काढून टाकले आणि पुस्तकांच्या दुकानासारखी विषयांची नावे लाविली. लहान संग्रहाला ते शोभते; ग्रंथ वाढले की नावाखाली पुन्हा क्रम लावावाच लागतो, आणि तेव्हा क्रमांकाची किंमत कळते.

संगणकाच्या तालिकेने हा प्रश्न सुटला असे समजणाऱ्यांना एवढेच सांगावयाचे की, ‘ई-ग्रंथालय’ ही संगणकप्रणाली असो वा ‘कोहा’, पडद्यावर वर्गांक येतो, मांडणी येत नाही. तसेच आज अभ्यासिकेत सकाळपासून जागा धरून बसणारी मुले आपापली स्पर्धा परीक्षांची पुस्तके घरून आणतात. त्यांना जागा, पाणी, वीजजोड आणि वेळापत्रक यांच्या पाट्या हव्यात, विषयांच्या नव्हेत. त्यांची गर्दी दाराशी थोपवून ग्रंथदालनाकडची वाट मोकळी ठेवणे हेच तेथील खरे काम.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीचा २०१६ चा कायदा झाल्यापासून सार्वजनिक इमारती सर्वांस सुगम करणे हे दयेचे काम उरलेले नाही. एक फूट चढण्यास निदान बारा फूट लांबीचा उतार, दाराच्या कडेला हाताच्या उंचीवर ब्रेल पाटी, उंच टांगलेल्या फलकाबरोबर नजरेच्या उंचीवर त्याची प्रत, या गोष्टी जुन्या वाड्यांतही करता येण्यासारख्या आहेत. उतार मागच्या दाराला बांधला असेल तर तो कोठे आहे हे पुढच्या दारावर लिहिलेले असावे, हे मात्र बहुतेक जण विसरतात.

कोणत्या पाट्या कराव्यात हे ठरविण्यास पाहणीचे अवडंबर लागत नाही. देवघेवीच्या मेजावर एक वही ठेवावी आणि महिनाभर लोक जे ‘कुठे आहे’ म्हणून विचारतात ते तीत टिपावे. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो त्याचे उत्तर भिंतीवर गेले पाहिजे. कर्मचाऱ्यांनी वैतागून चिकटपट्टीने लावलेले हस्तलिखित कागद काढून टाकण्यापूर्वी वाचावेत, कारण प्रत्येक कागद एका राहून गेलेल्या पाटीची साक्ष देतो. त्यानंतर गावात नवा आलेला एखादा शिक्षक, एखादी गृहिणी, एखादा शाळकरी मुलगा यांना एकेका पुस्तकाचे नाव देऊन दारातून आत सोडावे, त्यांना मदत करू नये, आणि ते कोठे थबकतात एवढे दुरून पाहावे. त्या थबकण्याच्या जागा हाच पाट्यांचा आराखडा. मजकूर कागदावर छापून तात्पुरता लावावा, आणि पक्क्या पाट्यांचा खर्च मंजूर करावयाचा तो त्यानंतर.

रंगाऱ्याकडे किंवा छापखान्यात काम देताना एक खबरदारी घ्यावी. नागरीचा संगणकी मजकूर एका टंकातून दुसऱ्यात गेला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. उर्दूचा मजकूर तर ज्या यंत्राला ती लिपी कळत नाही त्यात अक्षरे सुटी सुटी होऊन उलट्या क्रमाने छापला जातो, आणि उर्दू न जाणणाऱ्या कारागिराच्या नजरेस त्यात काहीच वावगे दिसत नाही. म्हणून पत्रा कापण्यापूर्वी नमुना गावातल्याच एखाद्या उर्दू शाळेतील गुरुजींना आणि मराठी शाळेतील बाईंना दाखवून त्यांची सही घ्यावी, व तो सही केलेला कागद पाट्यांच्या दप्तरात जपून ठेवावा.